मुलांच्या तोंडातल्या मज्जातंतूंच्या गाठी: कॅन्सर नाही, मग पुढे काय?

शेवंती

तोंडात गाठ म्हटलं की आपल्याकडे सगळ्यात आधी कॅन्सर आठवतो. तंबाखू, मिश्री आणि गुटख्याने घराघरांत जे करून ठेवलंय, ते पाहता या भीतीला नावं ठेवता येत नाहीत. पण हीच भीती लहान मुलांच्या बाबतीत दोन्हीकडून घात करते. काही आईवडील घाबरून डॉक्टरकडे जायचंच टाळतात. आणि ज्यांना "कॅन्सर नाही" असं कळतं ते देवाला नारळ फोडतात आणि रिपोर्ट कपाटात टाकून मोकळे होतात. हा धागा मुख्यतः या दुसऱ्या प्रकारच्या पालकांसाठी आहे.

मी मुखविकृतीशास्त्र शिकवते. दातांच्या डॉक्टरांनी किंवा सर्जननी काढलेला तुकडा आमच्याकडे येतो आणि ती गाठ कशाची आहे ते आम्ही सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगतो. मुलांच्या तोंडात मज्जातंतूंपासून झालेल्या गाठी आमच्याकडेही क्वचितच येतात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मुलांच्या तोंडात दिसणारी बहुतेक गाठ मज्जातंतूची नसते. खालच्या ओठाच्या आत निळसर, पाणी भरल्यासारखा फुगा असेल तर तो बहुधा म्युकोसील. ओठ चावला जाऊन लाळेची बारीक नळी फुटते आणि लाळ तिथेच साठते. दात बाहेर येण्याच्या बेतात असताना हिरडीवर फुगवटा येतो, तोही निरुपद्रवी. रक्तवाहिन्यांच्या गाठी असतात, सारखं चावून चावून झालेला मांसल गोळा असतो. हे सगळं वगळून जे थोडं उरतं त्यात मज्जातंतूच्या गाठी येतात.

विजेच्या तारेवर प्लास्टिकचं वेष्टन असतं तसं मज्जातंतूवर पेशींचं वेष्टन असतं. थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये त्या पेशींचं वर्णन केलं, म्हणून त्या श्वान पेशी. त्यांची एकाच जागी वाढ झाली की श्वानोमा होतो. शरीरातल्या एकूण श्वानोमांपैकी चौथाईहून जास्त डोकं आणि मानेच्या भागात असतात, पण तोंडात जेमतेम १ टक्का. तोंडातही सगळ्यात जास्त जिभेवर. हळूहळू वाढतो, सहसा दुखत नाही, त्याला स्वतःचं आवरण असतं आणि मूळ मज्जातंतू त्याच्या एका बाजूला ढकललेला असतो. त्यामुळे बऱ्याचदा तंतू राखून गाठ सोलून काढता येते.

न्यूरोफायब्रोमाचं तसं नसतं. त्यात मज्जातंतूचे धागे गाठीच्या आतूनच गेलेले असतात. गाठ काढायची तर त्या धाग्यांनाही धक्का लागतो. हा एकटा असू शकतो, किंवा न्यूरोफायब्रोमॅटोसिस १ (एनएफ १) या आनुवंशिक आजाराचा भाग असू शकतो.

आता ज्यासाठी धागा काढला तो प्रकार. जिभेच्या टोकाशी आणि कडांना, ओठांच्या आतून, कधी पापण्यांच्या कडेलाही बारीक, मऊ, अंगच्याच रंगाच्या गाठी. एक नाही, अनेक. ओठ जाड आणि उंचसखल दिसतात. दुखत नाहीत, खाण्याला अडत नाहीत. याला म्युकोसल न्यूरोमा म्हणतात. या गाठींपासून मुलाला काडीचाही धोका नसतो, पण अशा गाठी अनेक असल्या तर त्या एमईएन २बी नावाच्या आजाराची खूण असू शकतात. त्यात आरईटी या जनुकात दोष असतो आणि थायरॉईडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर जवळजवळ ठरलेला असतो, तोही अगदी तान्ह्या वयापासून. सुमारे निम्म्या रुग्णांत पुढे मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीत गाठ होते, तिच्यामुळे रक्तदाब एकाएकी भडकतो. बहुतेक मुलांच्या आईवडिलांत हा दोष नसतो, तो मुलात नव्यानेच आलेला असतो. म्हणजे "आमच्या घरात कोणाला नाही" हे उत्तर इथे उपयोगाचं नाही.

गळ्यात काही हाताला लागण्याआधीच तोंडातल्या गाठी दिसू शकतात. जो कोणी त्या मुलाचं तोंड नीट बघेल, मग तो दातांचा डॉक्टर असो, बालरोगतज्ज्ञ असो की आई, त्याला ते मूल वेळेत ओळखायची संधी असते. गाठ निरुपद्रवी आहे हे कळल्यावर "मग ही झाली कशामुळे?" हा प्रश्न डॉक्टरांना विचारायचाच. तो विचारावा म्हणूनच लिहायला बसले.

एक विनंती, इथे फोटो टाकून निदान मागू नका. फोटोवरून मी सांगणार नाही. बाकी जे विचाराल त्याचं माझ्या परीने उत्तर देईन.

दिठी

शेवंतीताई, अगदी वेळेवर धागा काढलात. माझ्या मुलाच्या जिभेच्या डाव्या कडेला वाटाण्याएवढी गाठ होती. तो पाचवीत आहे. जीभ चावली गेली असेल म्हणून आम्ही बघत बसलो. सासूबाई तुरटीच्या गुळण्या करायला लावत होत्या, एका ठिकाणी बी-कॉम्प्लेक्स दिलं. दुखत नव्हतं त्यामुळे तोही निवांत. मग शाळेच्या तपासणीत डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. पूर्ण भूल देऊन काढली, रिपोर्टमध्ये श्वानोमा आला. सर्जन म्हणाले पूर्ण निघाली, आता विसरून जा. पण रिपोर्टमध्ये "अँटनी ए", "व्हेरोके बॉडीज", "एस-१०० पॉझिटिव्ह" असं काय काय लिहिलंय. पॉझिटिव्ह वाचून माझ्या पोटात गोळा आला होता. हे काय असतं? आणि परत येईल का?

शेवंती

दिठी, त्या पॉझिटिव्हला अजिबात घाबरू नका. एस-१०० हे श्वान पेशींत असणारं प्रथिन. गाठीला त्याचा रंग चढला म्हणजे ती मज्जातंतूच्या वेष्टनाची आहे याला दुजोरा मिळाला, इतकंच. व्हेरोके हे उरुग्वेतले विकृतीशास्त्रज्ञ, त्यांनी १९१० मध्ये या गाठीचं वर्णन केलं. पेशींची केंद्रकं दोन समांतर रांगांत उभी राहतात आणि मध्ये मोकळी पट्टी राहते, त्या रचनेला त्यांचं नाव आहे. अँटनींनी १९२० मध्ये दाट भागाला ए आणि विरळ भागाला बी म्हटलं. हे तिन्ही एकत्र आले की निदानाबद्दल आमच्या मनात शंका उरत नाही. तुमचा रिपोर्ट चांगला लिहिलेला आहे.

आवरणासकट पूर्ण निघाली असेल तर परत येणं विरळा. त्याचा कॅन्सर होणं तर अतिशयच दुर्मिळ.

फक्त "विसरून जा" याच्याशी मी सहमत नाही. मोठ्या माणसात एकटा श्वानोमा निघाला तर सहसा पुढे काही शोधत नाहीत. लहान मुलात मात्र न्यूरोफायब्रोमॅटोसिस २ म्हणजे एनएफ २ ची शक्यता डोक्यात ठेवावी लागते. हा आजार २२ व्या गुणसूत्रावरच्या जनुकाशी संबंधित आहे, त्यात शरीरात अनेक ठिकाणी श्वानोमा होतात, विशेषतः दोन्ही कानांच्या श्रवणतंतूंवर. तुमच्या मुलाला तो आहे असं मी म्हणत नाहीये, नसण्याचीच शक्यता जास्त. पण बालरोगतज्ज्ञांकडून त्याची त्वचा पूर्ण तपासून घ्या, डोळे दाखवा, ऐकू नीट येतंय का ते बघा, आणि घरात कोणाला तरुणपणी बहिरेपण किंवा मेंदूत, पाठीच्या कण्यात गाठ झाली होती का ते आठवून सांगा. त्यावरून जनुकतपासणी लागेल की नाही ते ते ठरवतील.

माळरान

मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. लेख आवडला, पण थोडं आमच्या बाजूनेही बोलतो. इथे ओठावरचा फुगा काढायला आलेल्या मुलाचा बाप विचारतो, "डॉक्टर, काढला ना, मग आता तपासणीचे वेगळे पैसे कशाला?" रोजंदारी बुडवून आलेला असतो. रिपोर्ट न्यायला परत कोणी येत नाही. प्रत्येक म्युकोसील तपासायला पाठवणं आम्हाला खरंच शक्य नाही.

दुसरी अडचण सामानाची. तुकडा टिकवायचं फॉर्मॅलीन नसलं की तो सलाईनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये टाकून एसटीने पाठवलेलं मी पाहिलंय. त्याचा काय उपयोग होतो ते तुम्ही सांगा.

शेवंती

माळरान, पैशांची अडचण खरी आहे. तरीही मी म्हणेन, मुलाच्या तोंडातून जे जे कापून काढलं ते तपासायला गेलं पाहिजे. जिभेवरचा श्वानोमा आणि चावून झालेला मांसल गोळा डोळ्यांना सारखेच दिसतात, काढणाऱ्यालाही फरक कळत नाही. अगदीच शक्य नसेल तर कोणता तुकडा मुळीच सोडायचा नाही ते सांगते: घट्ट लागणारा, जिभेतला किंवा टाळूवरचा, परत आलेला, आणि एकाहून अधिक गाठी असलेल्या मुलाचा. सरकारी दंत महाविद्यालयांत ही तपासणी खासगी लॅबपेक्षा पुष्कळ स्वस्तात होते, तिथे पाठवता येईल.

सलाईनमध्ये तुकडा वाटेतच सडतो. आमच्याकडे पोचेपर्यंत पेशींचा लगदा झालेला असतो आणि "निदान शक्य नाही" असं लिहावं लागतं. मूल पुन्हा भुलीखाली जातं. १० टक्के बफर केलेलं फॉर्मॅलीन, तुकड्याच्या किमान दहा पट, रुंद तोंडाच्या बाटलीत. तुमच्या जिल्ह्यातली लॅब भरलेल्या बाटल्या देते का ते विचारून बघा, पुष्कळ लॅब देतात. आणि चिठ्ठीवर वय, नेमकी जागा, किती दिवसांपासून आहे आणि अंगावर इतर कुठे काही आहे का, एवढं जरूर लिहा. "ओरल स्वेलिंग" एवढंच लिहून आलेली चिठ्ठी वाचून आमचे हात बांधल्यासारखे होतात.

माळरान

बाटल्यांचं विचारतो. चिठ्ठीचा मुद्दा मान्य.

कृष्णकमळ

मी इथे फार लिहीत नाही, वाचते. आज लिहिते.

मला स्वतःला एनएफ १ आहे. लहानपणापासून अंगावर चहाच्या रंगाचे डाग, वयात आल्यावर हातापाठीवर मऊ गाठी. आई म्हणायची ग्रहणात काही कापलं असेल. लग्नाच्या वेळी हे लपवायचं ठरलं होतं, मी लपवू दिलं नाही, नवऱ्याला सगळं सांगितलं. तो खंबीर उभा राहिला. मुलगी झाली, तिलाही डाग निघाले. आता तिच्या जिभेची एक बाजू दुसऱ्या बाजूपेक्षा मोठी दिसते आणि त्याच बाजूची दाढ वेळेवर आली नाही. एमआरआयमध्ये प्लेक्सिफॉर्म न्यूरोफायब्रोमा सांगितलाय. एक डॉक्टर म्हणतात काढूया, दुसरे म्हणतात हात लावू नका. नातेवाईक माझ्याकडे बोट दाखवतात. तिला वाचताना अडखळायला होतं, जेवताना त्याच बाजूने जीभ चावली जाते. काय करू?

शेवंती

कृष्णकमळ, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार.

ग्रहणाचा, कापण्याचा, तुमचा कशाचाच दोष नाही. १७ व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात बदल होतो, त्यातून हा आजार होतो. जन्माला येणाऱ्या साधारण तीन हजार मुलांमागे एकाला असतो, म्हणजे तसा तो फार दुर्मिळही नाही. आईला किंवा वडिलांना असेल तर प्रत्येक मुलाला येण्याची शक्यता निम्मी. आणि निम्मे रुग्ण असे असतात की घराण्यात आधी कोणालाच नसतो. बोट दाखवणाऱ्यांना हे सांगा.

दोन डॉक्टरांची दोन मतं का, ते समजून घ्या. प्लेक्सिफॉर्म प्रकारात एक गाठ नसते. मज्जातंतूची फांदी आणि उपफांद्या सगळ्याच जाड होऊन आजूबाजूच्या स्नायूंत पसरलेल्या असतात. कड सापडत नाही, रक्तस्राव खूप होतो, जिभेत तर चव, स्पर्श आणि हालचाल तिन्ही पणाला लागतात. म्हणून पूर्ण काढायचा अट्टहास सहसा करत नाहीत. खाणं, श्वास किंवा बोलणं अडत असेल तर तेवढा भाग कमी करतात, पण उरलेला पुढे वाढू शकतो. हात लावू नका म्हणणारे म्हणूनच तसं म्हणतात.

तिसरा पर्याय औषधाचा आहे. सेल्युमेटिनिब नावाच्या गोळ्यांना अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०२० मध्ये मान्यता दिली. दोन वर्षांपुढच्या एनएफ १ च्या मुलांत, गाठ त्रास देत असेल आणि शस्त्रक्रियेने काढता येण्यासारखी नसेल तर. पुष्कळ मुलांत गाठ आक्रसते, नाहीशी होत नाही. पुरळ, नखांभोवती सूज, जुलाब असे त्रास होतात; हृदय आणि डोळे तपासत राहावे लागतात. औषध महाग आहे आणि दीर्घकाळ घ्यावं लागतं. हा निर्णय बालकर्करोगतज्ज्ञ, जनुकतज्ज्ञ आणि सर्जन एकत्र बसतात अशा मोठ्या रुग्णालयातच घ्या. कर्करोगतज्ज्ञाचं नाव ऐकून धसका घेऊ नका, ही औषधं त्यांच्याच हाताखालची असतात.

गाठ एकाएकी वाढू लागली, कडक झाली किंवा रात्रीची झोप उडवेल अशी दुखू लागली तर मात्र लगेच दाखवा. प्लेक्सिफॉर्ममध्ये पुढे कधीतरी कॅन्सर होण्याची शक्यता असते आणि ही त्याची लक्षणं आहेत.

वाचताना अडखळणं कदाचित जिभेमुळे नसेलही. एनएफ १ च्या बऱ्याच मुलांना शिकण्यात अडचणी येतात. शाळेत मार खाण्याआधी किंवा आळशी ठरण्याआधी तिची अध्ययनक्षमता तपासून घ्या.

बोलकीबाहुली

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे. कृष्णकमळताई, ळ, ण, ट या आवाजांना जीभ टाळूकडे वळवावी लागते, तिथे ती अडखळते का ते घरी ऐका आणि मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. उपचाराआधीचा आवाज हाताशी असला की पुढे फरक मोजता येतो. जिभेची शस्त्रक्रिया ठरली तर आमच्याकडे आधीच एकदा या, नंतरवर ढकलू नका.

दिठी, एक बारीक गोष्ट सगळ्यांसाठीच. जीभ किंवा ओठ बधिर असताना मुलं गंमत म्हणून चावतात आणि मोठी जखम करून घेतात. बधिरपणा जाईपर्यंत मुलाजवळ बसून राहा, गरम खायला देऊ नका.

आजोळ

प्रसूतिगृहात परिचारिका म्हणून आयुष्य गेलं. एका मुलीच्या वरच्या हिरडीवर जन्मतःच देठाला लोंबणारा गुलाबी गोळा होता, तोंड मिटत नव्हतं. बाळंतिणीने किंकाळी फोडली. काढल्यावर मुलगी दूध प्यायला लागली. तो गोळा याच प्रकारातला का?

शेवंती

आजोळकाकू, वर्णनावरून तो जन्मजात एप्युलिस वाटतो. नॉयमन यांनी १८७१ मध्ये त्याची नोंद केली. मुलींमध्येच जास्त होतो, वरच्या हिरडीवर जास्त होतो, आणि लहान असेल तर आपोआप आक्रसतोही. सूक्ष्मदर्शकाखाली तो ग्रॅन्युलर सेल ट्यूमर या मज्जातंतूच्या गाठीसारखाच दिसतो, पण त्याला एस-१०० चा रंग चढत नाही. तेव्हा तो मज्जातंतूचा नाही. काढला की परत येत नाही.

त्याच जागी दिसणारी आणखी एक गाठ मात्र वेगळी. पहिल्या वर्षाच्या आत वरच्या जबड्याच्या पुढच्या भागात निळसर-काळपट गाठ, आठवड्या-आठवड्याला वाढणारी, आतले दात ढकलणारी. ती ज्या पेशींपासून होते त्यांचं मूळ गर्भातल्या मज्जासंस्थेजवळचं असतं. तीही बहुतेक वेळा कॅन्सर नसते, पण हाड खाते आणि काढल्यावरही परत येऊ शकते. तिथे थांबून बघण्यात अर्थ नाही.

रानवाट

ग्रॅन्युलर सेल ट्यूमरचा उल्लेख आला म्हणून सांगतो. भाच्याच्या जिभेवरच्या गाठीचा पहिला रिपोर्ट "स्क्वॅमस सेल कार्सिनोमा", म्हणजे अस्तराच्या पेशींचा कॅन्सर, असा आला होता. घर स्मशानासारखं झालं. बहिणीने हट्टाने स्लाइड दुसरीकडे दाखवल्या, तिथे ग्रॅन्युलर सेल ट्यूमर निघाला. एवढा फरक कसा पडतो?

शेवंती

या गाठीची ती जुनीच खोड आहे. ती वरच्या अस्तराच्या पेशींना डिवचते आणि त्या कॅन्सरसारख्या खाली उतरलेल्या दिसतात. तुकडा वरवरचा घेतला असेल तर खालच्या दाणेदार पेशी हाती लागतच नाहीत. लहान मुलाच्या जिभेच्या वरच्या भागावर कार्सिनोमा असा रिपोर्ट आला तर उपचार सुरू करण्याआधी दुसरं मत घ्यावंच. तुमच्या बहिणीने अगदी योग्य केलं.

स्पष्टवक्ता

सगळं पटलं, एक सोडून. वर एमईएन २बी बद्दल वाचलं म्हणून थोडं शोधलं. त्यात म्हणे पहिल्या वर्षाच्या आत बाळाची थायरॉईड काढून टाकतात. गळ्यात अजून काहीही दिसत नाही आणि केवळ रक्ताच्या रिपोर्टवरून निरोगी अवयव काढायचा? मला हा अतिरेक वाटतो. जन्मभर गोळी घ्यायची ती वेगळीच.

शेवंती

प्रश्न रास्त आहे. बाकीच्या बऱ्याच जनुकदोषांत "शक्यता वाढते" एवढंच सांगता येतं. इथे तसं नाही. एमईएन २बी च्या सुमारे ९५ टक्के रुग्णांत आरईटी जनुकातला एकच ठरावीक बदल असतो, एम९१८टी नावाचा, आणि त्यात थायरॉईडचा कॅन्सर लहानपणीच सुरू होतो. अमेरिकन थायरॉईड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत तो सर्वांत वरच्या जोखमीच्या गटात आहे आणि पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया सुचवली आहे. गळ्यात गाठ हाताला लागेपर्यंत थांबलं तर तोवर तो बहुधा मानेतल्या लसिकाग्रंथींत गेलेला असतो आणि मग पूर्ण बरा करणं अवघड होतं.

अडचण अशी की इतक्या लवकर ही मुलं ओळखूच येत नाहीत, कारण घरात कोणाला नसतं. म्हणून तोंडाबरोबर या खुणाही लक्षात ठेवा: तान्हेपणी रडताना डोळ्यांतून पाणी न येणं, जन्मापासून चिवट बद्धकोष्ठ, सैल स्नायू, आणि वाढत्या वयात सडपातळ बांधा नि लांब हातपाय. यांतली एकेकटी गोष्ट कितीतरी निरोगी मुलांत असते. पण ओठा-जिभेवर अनेक गाठी आणि सोबत यांतलं काही असेल तर कॅल्सिटोनिन (या कॅन्सरमध्ये रक्तात वाढणारं हार्मोन) आणि आरईटीची रक्ततपासणी करून घ्यावी. थोड्या मोठ्या मुलांत तर गाठीचा तुकडा घ्यायला भूल देण्याआधीच अ‍ॅड्रिनलची शंका फेडून घ्यावी. ती गाठ माहीत नसताना भूल दिली तर रक्तदाब जिवावर बेतण्याइतका चढू शकतो.

पहाटवारा

गोळीबद्दल मी सांगते. मी जन्मतःच थायरॉईडशिवाय आहे. आठवतंय तेव्हापासून सकाळी उपाशीपोटी थायरॉक्सिन घेते. शिकले, नोकरी करते, दोन मुलं आहेत, ट्रेकला जाते. स्पष्टवक्ता, त्या गोळीसाठी कोणी शस्त्रक्रिया टाळू नये, एवढंच.

स्पष्टवक्ता

पहाटवारा, शेवंतीताई, दोघींचे आभार. बाळाच्या बाजूने विचार केला तर मत बदलावं लागतंय.

कृष्णकमळ

मोठ्या रुग्णालयातली वेळ घेतली आहे. तिघं तज्ज्ञ एकाच दिवशी बघतात तिथे. मुलीचा आवाज रेकॉर्ड करून ठेवला. नवऱ्याने निम्म्या-निम्म्या शक्यतेचा मुद्दा घरच्यांना वाचून दाखवला.

दिठी

आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन आलो. त्यांनी कपडे काढून पूर्ण अंग तपासलं, डाग नाहीत. ऐकण्याची आणि डोळ्यांची तपासणी सांगितली आहे. त्यांनी "ब्लॉक कुठे आहे?" असंही विचारलं, मला कळलंच नाही. रिपोर्टच्या कागदाशिवाय आमच्याकडे काही नाही.

शेवंती

तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात बसवून त्याचे पातळ काप काढतात, तो ठोकळा म्हणजे ब्लॉक. पुढे जनुकतपासणी लागली तर त्याच ब्लॉकमधून करता येते. तो लॅबमध्येच असतो, कायम ठेवतीलच असं नाही. रिपोर्टवरचा नंबर सांगून लेखी अर्ज करा, ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागा. घरी आणल्यावर डबीत घालून थंड, कोरड्या जागी ठेवा. फक्त आणताना उन्हात उभ्या गाडीत विसरू नका, मेण वितळतं.